डाव्या अंगाची खूण

आत्यांनी माझ्या मुलीला सशीण दत्तक दिली, तेव्हा रीतसर दत्तकपत्र लिहून दिलं होतं. फुलस्केपचा अर्धा कागद. वाचायला दोन मिनिटं लागली असती. मी वरच्या दोन ओळी वाचल्या, हसले आणि कागद कपाटाच्या खणात, गॅसच्या पुस्तकाखाली सारला. पुढे जे झालं ते त्या दोन मिनिटांत टळण्यासारखं होतं, म्हणून सुरुवात तिथूनच करते.

आत्या म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण. लग्न केलं नाही. धारच्या मुलींच्या शाळेत तीस वर्षं गणित शिकवलं आणि नव्वद-एक्याण्णवच्या सुमारास निवृत्त झाल्यावर तळ्याकडच्या दोन खोल्यांच्या घरात एकट्या राहिल्या. मागे पेरूचं झाड, पेरूखाली सशांचा पिंजरा. आमचं घराणं संस्थानच्या नोकरीतलं, आजोबा दफ्तरात होते. संस्थान गेलं, पण कागद करण्याची सवय घरातून गेली नाही. शेजारणीला लोणच्याची बरणी दिली तरी आत्या चिठ्ठी करायच्या आणि तिच्यावर बरणीचं वर्णन लिहायच्या : झाकणाला टवका, बुडाशी निळी रेघ.

माझं सासर देवासचं, म्हणजे मूळ साताऱ्याकडचं. सासरे कारखान्याच्या नोकरीसाठी इकडे आले आणि इकडचेच झाले. मीही कारखान्यातच होते, तपासणी विभागात. मशीनवरून उतरलेले भाग मापून बघायचे. मापात बसले तर पास, नाही बसले तर लाल रंगाचा ठिपका देऊन बाजूला. वीस वर्षं हेच केलं. ठिपका दिल्यावर मी मागे वळून बघत नसे, आणि तिथे ते बरोबरच होतं.

दोन हजार तीनच्या दिवाळीनंतर आत्या न्हाणीत घसरल्या आणि त्यांचं उजवं मनगट मोडलं. मी रजा टाकून गेले आणि त्यांना घेऊन आले. इंदूरला बस बदलताना त्यांच्या डाव्या हातात वेताची टोपली होती, तिच्या तोंडावर जुनं लुगडं बांधलेलं. कंडक्टरने विचारलं, "अम्मा, इसमें क्या है?"

"सवारी है," आत्या म्हणाल्या. "आधा टिकट काटो."

टोपलीत पांढरी सशीण होती, उजवा कान काळा. आत्या तिला बाईसाहेब म्हणायच्या.

आमच्या घरी तेव्हा एक ससा होताच. नर, राखाडी, कॉलनीतल्या कुणीतरी माझ्या मुलीला दिलेला. मुलगी नऊ वर्षांची, हिंदी शाळेतली, तिच्या बोलण्यात मराठी चवीपुरती. बाईसाहेबांना बघून ती नाचायलाच लागली. "आत्याआजी, ये मेरी ना? मला देणार ना?"

आत्यांनी प्लास्टरकडे बघितलं. एका हाताने गवत कापणं, पिंजरा धुणं होणार नव्हतं. म्हणाल्या, "देते. पण दत्तक देते. उसनी नाही."

दुसऱ्या दिवशी त्यांनी पाट मांडला, मुलीला कुंकू लावलं, सशिणीच्या कपाळाला बोट टेकवलं, दोघींना गूळ दिला. सशिणीने गूळ हुंगून मान फिरवली. मग आत्यांनी मुलीच्या हातात तो कागद ठेवला. डाव्या हाताने लिहिलेला. ज्या बाईचं अक्षर शाळेत नमुना म्हणून भिंतीला लावलेलं असे, तिची अक्षरं पहिलीतल्या पोरासारखी, एक मोठं, एक लहान, ओळ खाली घसरत गेलेली. मुलीला वाचता येईना. तिने माझ्याकडे दिला. "सदरहू सशीण, वय अंदाजे पाच वर्षे, राजीखुशीने..." इतकं मी वाचलं. मला हसू आलं आणि थोडं वाईटही वाटलं. वाटलं, म्हातारपण आलं.

"आणि हिला त्या नराबरोबर खुशाल ठेवा," आत्या म्हणाल्या. "हिचं ऑपरेशन झालेलं आहे. पिशवी काढलेली आहे."

"सशिणीची?" मी विचारलं.

"आधीची सशीण पोटात गाठ होऊन गेली. म्हणून हिची वेळेवर काढून घेतली. आमच्या गल्लीत ढोरांचे डॉक्टर होते ना रिटायर झालेले, त्यांनी केलं. ओट्यावर चादर घातली, भूल दिली. चिमटा मी धरला होता."

ते डॉक्टर दोन वर्षांपूर्वी वारले होते, त्यामुळे विचारणार कोणाला? मी "बरं" म्हणाले. माझं हे बरं कसलं असतं ते घरातल्या सगळ्यांना माहीत आहे.

इथे मला माझ्या धाकट्या भावाबद्दल सांगायला हवं. तो इंदूरला बँकेत होता. आत्यांनी आता धारला एकटं राहू नये, असं त्याचं वर्षभर चाललं होतं, आणि त्याच्याकडे यादी होती. आत्यांनी दोनदा दूध जाळलं, एकदा तर पातेलं लाल होईपर्यंत. एका सकाळी त्या निवृत्त होऊन बारा वर्षं झाल्यावर शाळेच्या फाटकाशी जाऊन उभ्या राहिल्या होत्या, शेजारणीने त्याला मुद्दाम फोन करून कळवलं होतं. पेपरवाला कालचा पेपर टाकतो, अशी त्यांची तक्रार असे. यादीत ऑपरेशनची भर मी घातली. ओट्यावर सशिणीचं ऑपरेशन आणि आत्यांच्या हातात चिमटा, असं मी त्याला फोनवर सांगितलं, आणि आम्ही दोघं हसलो. पलीकडच्या खोलीत आत्या होत्या. ऐकलं असेल की नाही, माहीत नाही.

भाऊ म्हणाला, "ताई, तू ठरव. तू प्रॅक्टिकल आहेस. मी म्हटलं तर मी वाईट दिसतो."

आत्यांना मात्र परत जायचं होतं. प्लास्टर निघालं की धार, असं त्या रोज म्हणत. पेरूला पाणी कोण घालतंय, याचा त्यांना घोर होता.

मी ठरवण्याची पद्धत शोधली. मला ती तेव्हा फार चोख वाटली. दूध कुणाच्याही हातून जळतं, पेपरचं सिद्ध करता येत नाही. पण ऑपरेशन झालंय की नाही, हे बघता येतं. झालेलं असेल तर आत्यांचं डोकं ठिकाणावर आहे, त्यांना जाऊ द्यावं. नसेल तर नाही. भावाला मी हे सांगितलं आणि तोही म्हणाला, "हे बरोबर आहे. हे फेअर आहे." आत्यांना आम्ही सांगितलं नाही की त्यांची परीक्षा आहे. सशिणीला दाखवून आणते, एवढंच म्हणाले.

आत्यांनी लगेच चपला पायात घातल्या. "मी येते. मला माहीत आहे सगळं."

"तुम्ही कशाला, आत्या? तिकडे म्हशी असतात, चिखल असतो. परत घसराल."

त्यांनी चपला काढल्या आणि भिंतीशी नीट जोडून ठेवल्या.

जनावरांच्या दवाखान्यात दोन म्हशी आणि एक बकरी माझ्या आधी होत्या. माझा नंबर आला तेव्हा मलमपट्टी करणाऱ्या ड्रेसरने टोपलीत डोकावून बघितलं. मी काय तपासायचंय ते सांगितलं. तो मागे वळून ओरडला, "अरे भिया, सुन रिया है? खरगोश की नसबंदी! याँ तो आदमी कैंप छोड़ के भाग जाता है!" म्हशीवाले हसले. मीही हसले. डॉक्टर तरुण होता, बरा होता. त्याने सशिणीला उलटं धरायला लावलं, पोटाच्या मधोमध ब्लेडने केस काढले, बोट फिरवलं, उजेडात नेऊन बघितलं.

"निशान तो नहीं दिख रहा, मैडम. वैसे इधर खरगोश का करता कौन है? जिनकी थी, उनसे पूछ लीजिए. कब हुआ, किसने किया, कैसे किया."

"पूछने लायक हालत नहीं है उनकी," मी म्हणाले.

हे वाक्य मी उच्चारलं. आत्या तेव्हा घरी बसून डाव्या हाताने माझ्यासाठी मेथी निवडत होत्या.

रविवारी भाऊ आला. पोहे केले होते. आत्या चमच्याने खात होत्या, डाव्या हाताने, थोडं सांडत.

"आत्या, डॉक्टरांनी सशीण बघितली," मी म्हणाले. "पोटावरचे केस काढून बघितली. टाक्यांची खूण नाही. ऑपरेशन झालेलं नाही तिचं."

डॉक्टर असं म्हणालाच नव्हता. तो म्हणाला होता, दिसत नाही. दिसत नाही आणि नाही यांतला फरक कारखान्यात मी नव्या मुलींना शिकवत असे.

आत्यांनी चमचा खाली ठेवला. "नाही झालं?"

"नाही."

"मग मी चिमटा कशाला धरला होता?"

भाऊ पोह्यांतली शेव निवडत बसला. मी म्हणाले, "होतं असं वयामुळे. कुणाचं ऐकलेलं आपलंच वाटायला लागतं."

"हाताला रक्त लागलं होतं माझ्या. पेरूखाली धुतलं." मग एकदम आठवल्यासारखं म्हणाल्या, "मी लिहून दिलंय की! कागदावर आहे."

"लिहिलं म्हणून झालं असं होतं का, आत्या?"

आत्या गणिताच्या बाई होत्या. उत्तर चुकलं असं कुणी म्हणालं तर त्या आधी स्वतःची रीत तपासून बघत, हे मला लहानपणापासून माहीत होतं. तेव्हाही त्या तेच करत होत्या, पोह्यांची बशी समोर ठेवून. मग बशी सारून म्हणाल्या, "तू बघितलंस ना? स्वतः?"

"बघितलं."

"मग नसेल."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी धारच्या घराची किल्ली माझ्या चहाच्या कपाशेजारी ठेवली. किल्लीला सुतळी, सुतळीला पुठ्ठ्याचा तुकडा, त्यावर लिहिलेलं : पुढचं दार, उलटी फिरते. मी ती भावाला दिली. त्याने महिन्याभरात एका शिक्षक जोडप्याला घर भाड्याने दिलं.

आत्या आमच्या मागच्या खोलीत राहू लागल्या. प्लास्टर निघालं. कुरकुर काही नव्हती, आणि ते मला सोयीचं वाटलं. सशांचे पिंजरे मी दोन टोकांना ठेवले होते, मधे पत्रा. नर पत्र्याला नाक घासत बसायचा. आत्या खुर्ची टाकून तिथेच बसत, दोघांना कोथिंबिरीच्या काड्या देत. एकत्र ठेवा, असं त्या पुन्हा कधी म्हणाल्या नाहीत. त्यांचं बोलणंच बदललं होतं. "आज बुधवार ना?" असं मुलीला विचारून मग कॅलेंडरशी जात. दूध गॅसवर ठेवलं की पातेल्याजवळून हलत नसत. एकदा मी विचारलं, औषध घेतलंत का? तर म्हणाल्या, "मला वाटतं घेतलं. तू गोळ्या मोजून बघ." मी मोजून बघितल्या. घेतलं होतं. पाहा, मी भावाला म्हणाले, स्वतःला कळायला लागलंय त्यांना.

उन्हाळ्याच्या सुट्टीत मुलीने पिंजरे धुवायला काढले आणि दोघांना एकत्र सोडून कॉलनीत खेळायला गेली. मी कामावरून आले तेव्हा ससा आणि सशीण मोरीजवळ एकमेकांना चिकटून झोपले होते. दिवसभर. मी मुलीला बोल बोल बोलले. मग पिल्लांसाठी खोकं आणलं, गवत घातलं, महिना मोजला. काही नाही. घरट्यासाठी सशिणीने अंगावरचा एक केस उपटला नाही. जुलैत पुन्हा तेच झालं. या वेळी मुलीने मुद्दाम केलं असावं, असा माझा संशय आहे. पुन्हा महिना. पुन्हा काही नाही.

दुसऱ्या महिन्याच्या शेवटी मी सशीण पुन्हा टोपलीत घातली. मी कुणाला सांगितलं नाही. आत्यांना तर नाहीच.

दवाखान्यात तोपर्यंत डॉक्टर बदलला होता. आता बाई होत्या, आधी बागलीला होत्या म्हणे. मी सशीण टेबलावर ठेवली आणि गेल्या वेळचं सगळं सांगितलं. त्यांनी पोट बघितलंच नाही. विचारलं, "ऑपरेशन किसने किया था? कुत्ते-बिल्ली वाले डॉक्टर ने?"

"नहीं. गाय-भैंस वाले. पुराने थे."

"तो पेट में क्यों ढूँढ रही हैं आप?" त्यांनी सशिणीला उजव्या कुशीवर निजवलं आणि डाव्या बाजूला, शेवटच्या बरगडीच्या मागे, केसांत उलटा हात फिरवला. "गाय को कोई उलटा लिटाता है क्या? हम लोग खड़ी गाय को बाजू से खोलते हैं, बाईं तरफ़ से. जिसका हाथ जहाँ चलता है, वो वहीं काटता है." मग केस बाजूला करून म्हणाल्या, "ये देखिए."

बोटाच्या दीड पेराएवढी रेघ. पांढरी, सरळ, दोन्ही बाजूंना टाक्यांचे बारीक ठिपके. इतकी नीट की मापून घ्यावी. "बढ़िया काम किया है," त्या म्हणाल्या. "पकड़ा भी किसी ने ढंग से है."

मी पाच मिनिटं बाहेरच्या बाकावर बसले. मला बसायची सवय नाही. पहिल्या डॉक्टरने सांगितलं होतं, कसं केलं ते विचारा. कसं, एवढं जरी मी घरी येऊन विचारलं असतं.

घरी आल्यावर कपाटाचा खण उघडला. गॅसच्या पुस्तकाखाली कागद होता. उभ्यानेच वाचला.

"सदरहू सशीण, वय अंदाजे पाच वर्षे, राजीखुशीने माझ्या भाचीच्या मुलीस दत्तक दिली आहे. ओळखीच्या खुणा : एक, उजवा कान काळा. दोन, डाव्या अंगास बरगडीखाली ऑपरेशनच्या टाक्यांची उभी खूण, केसांत झाकलेली, बोटांस लागते. पिशवी काढलेली आहे. पिल्ले होणार नाहीत. पोटावर शोधू नये."

पोटावर शोधू नये. खाली सही, मुलीच्या नावापुढे चिरंजीव.

तीस वर्षं त्यांनी शाळेच्या रजिस्टरात मुलींच्या ओळखीच्या खुणा भरल्या होत्या, कपाळावर तीळ, कोपरावर व्रण. त्यांच्या हिशेबी कागद म्हणजे असा. दुसऱ्याला आपल्याला विचारावंही लागू नये, इतका पुरा. आणि अक्षर पोरासारखं होतं, कारण उजवा हात प्लास्टरमध्ये होता. प्लास्टर मीच करून आणलं होतं.

आत्या मागच्या खोलीत मुलीला पाढे विचारत होत्या. मी मुलीला बाहेर पाठवलं. कागद आणि सशीण दोन्ही त्यांच्यापुढे ठेवली आणि उभ्यानेच सांगून टाकलं. फिरवून सांगण्याची अक्कल मला नाही.

"आत्या, ऑपरेशन झालेलं आहे. डाव्या अंगाला आहे खूण. तुम्ही लिहिलं होतं. मी वाचलं नव्हतं."

त्यांनी सशिणीला मांडीवर घेतलं, डाव्या बाजूच्या केसांत बोटं घातली. बोटं थांबली. डोळे मिटून त्यांनी ती रेघ वरून खाली, खालून वर अशी दोन-तीनदा चाचपली.

"हं," म्हणाल्या. "हीच."

"तुम्ही मला पुन्हा सांगायचं होतं. दाखवायचं होतं."

हेही मी बोलले. अपराध माझा आणि जाब त्यांना.

"मी बघितलं होतं," आत्या म्हणाल्या. "तू कामावर गेल्यावर. दोन-तीनदा बघितलं. पोटावरच बघत होते, तू पोट म्हणाली होतीस ना. काही लागेना. मग मला वाटलं, तू म्हणतेस ते खरं. कुठल्या अंगाला होतं, ते मला आठवेना गं. कागदात लिहिलेलं आहे, एवढं आठवत होतं." त्या सशिणीच्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या. "कागद तुझ्याकडे होता. मागायची लाज वाटली."

  त्या विसरत होत्या, हे भावाचं म्हणणं अगदीच खोटं नव्हतं. पण आपण विसरतो, हे त्यांना आमच्या आधी कळलं होतं, आणि म्हणून त्या लिहून ठेवत होत्या. घर चालवण्याची ती त्यांची रीत होती आणि ती चालत होती. मी रीत न बघता ठिपका दिला.

त्याच बसण्यात मी शाळेच्या फाटकाचंही विचारलं. वर्ष उलटून गेल्यावर.

"वाचनालयाचं पुस्तक माझ्याकडे राहिलं होतं," त्या म्हणाल्या. "शिपाई किल्ली घेऊन येईपर्यंत उभी होते. त्यात काय?"

"आणि दूध?"

"दूध जळलं. दोनदा. ते खरं आहे."

भावाला फोन केला. तो म्हणाला, "ताई, एका सशिणीवरून परत पाठवायचं त्यांना?"

"ठरवलंही एका सशिणीवरूनच होतं," मी म्हणाले.  माझ्याशी तो त्यानंतर बरेच दिवस जपून बोलायचा.

भाडेकरूंना लगेच उठवा, असं मी म्हणत होते. आत्यांनी ऐकलं नाही. दोघंही शाळेत शिकवतात, मधेच घर कुठे शोधतील? सत्र संपू दे. त्या पुढल्या मे महिन्यापर्यंत थांबल्या. ससा आणि सशीण आता एकाच पिंजऱ्यात होते, मधला पत्रा मी भंगारवाल्याला दिला होता. निघताना मी म्हणाले, बाईसाहेबांना घेऊन जा. मुलीचा चेहरा उतरला, पण तीही म्हणाली, "ले जाओ, आत्याआजी."

"दत्तक दिलेलं परत घेत नाहीत," आत्या म्हणाल्या. किल्ली मात्र त्यांनी हात पुढे करून मागून घेतली आणि सुतळीवरचा पुठ्ठा वाचून बघितला.

धारला त्या अजून चार वर्षं, शेवटपर्यंत राहिल्या, एकट्या. घर जाळलं नाही, हरवल्या नाहीत. फोन होता, तरी दर पंधरा दिवसांनी त्यांचं पोस्टकार्ड यायचं, अक्षर पुन्हा मोत्यासारखं. पहिलं कार्ड मी वाचलं आणि पुन्हा वाचलं. लिहिलं होतं : "खुशाल पोचले. पेरूला पालवी आहे. रोज रात्री गॅस बंद करते. शेजारीणबाई बघून जातात, त्यांची सही खाली घेतली आहे." आणि खरोखरच खाली हिंदीत शेजारणीची सही होती.

मग प्रत्येक कार्डावर तसंच. वीज गेली होती, बाजूला दुकानदाराची सही. दाताच्या डॉक्टरकडे जाऊन आले, सोबत त्याची चिठ्ठी. तळं भरलं, ही गोष्ट सगळ्या धारला दिसते, तर तिच्याखालीसुद्धा कुणाची तरी सही. भाऊ म्हणायचा, आत्या तुला टोमणे मारतात. असेल. त्यांच्या जिभेला धार होती, मला बरं वाटलं असतं टोमणा असता तर. पण मला दुसरंही वाटायचं, की आपलं बोलणं नुसतं बोलणं म्हणून कुणी घेणार नाही, असं त्यांनी आता धरूनच टाकलं आहे, आणि हे त्यांना मी शिकवलं आहे. दोन्हींतलं कोणतं, ते विचारायला एक फोन पुरला असता. चार वर्षं मी तो केला नाही. केला तो दर वेळी तब्येतीचा, औषधांचा.

एका डिसेंबरात धारहून इंदूरमार्गे येणाऱ्या एका ओळखीच्या बाईंनी पिशवी आणून दिली. आत एक पेरू होता, वर्तमानपत्रात गुंडाळलेला, आणि कार्ड : "यंदा झाडाला खूप फळ आले. सोबत एक पाठवते, म्हणजे खात्री होईल."

पेरू मोठा होता, आतून गुलाबी. मी तो कापला, तिखटमीठ लावून घरात वाटला. मुलीने तिच्या वाटणीची अर्धी फोड धुऊन पिंजऱ्यात ठेवली. बाईसाहेब तेव्हा म्हाताऱ्या झाल्या होत्या, चावायला वेळ लागायचा. माझी फोड मी खाल्ली. गोड होता, हे मी आत्यांना उलट टपाली कळवलं. तुमच्या शब्दावर विश्वास होता, पेरू पाठवायची गरज नव्हती, हेही लिहिलं होतं. मग याच्याखाली सही कुणाची घेणार, असं वाटलं आणि ते दुसरं वाक्य खोडलं. कार्डावरची खोड आत्यांना चालायची नाही, म्हणून नवं कार्ड घेतलं आणि त्यावर पेरू गोड होता, एवढंच लिहिलं.